रजईखालचा फ्रिज

नोएडातल्या त्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते भाड्याची खोली बघायला, आणि टाकल्या टाकल्या चपला काढून हात जोडून उभा राहिलो. कारण बैठकीच्या खोलीत, बरोब्बर मधोमध, कुणाला तरी निजवलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत जाड लाल रजई. मे महिना, बाहेर लूची झळ अशी की विजेच्या तारेवरचा कावळा भाजून खाली पडावा, आणि इथे रजई. मे महिन्यात दिल्लीकडे अंगावर रजई घेऊन निपचित पडायचं दुसरं कारण मला तरी सुचेना. शेजारी एक उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ ताठ बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

मी आवाज उतरवून विचारलं, "कधी गेले?"

"गेला नाही," ते म्हणाले, "चालू आहे. कान लावून बघा."

मी वाकून कान लावला. पायथ्याच्या बाजूने घुर्रर्र असा बारीक आवाज येत होता. गृहस्थ उठले, रजईची एक घडी मागे सारली, खणखणीत आवाजात "सी-एक, पाणी" असं म्हणाले, झाकण उचललं, बाटली काढली, झाकण टाकलं, रजई ओढली. हे सगळं माझी पापणी खाली जाऊन वर यायच्या आत. ते पाणी मी प्यायलो. माझे दात आजही ती आठवण काढून शिवशिवतात.

असे मला माझे घरमालक भेटले आणि असा त्यांचा फ्रिज भेटला. दोघांची ओळख वेगवेगळी करून देणं मला कधीच जमलेलं नाही.

ते माणदेशातले. फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करत करत सुभेदार झाले, दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाले, आणि गावी न जाता नोएडात घर घेऊन राहिले. तेव्हा नोएडा म्हणजे आकडे घातलेली धूळ. सेक्टरला नंबर, ब्लॉकला अक्षर, घराला नंबर, आणि मधून मधून एखादी म्हैस, तिला मात्र नाव. सुभेदारसाहेबांना हे गाव मनापासून आवडायचं. म्हणायचे, "नकाशाप्रमाणे वसलेलं हिंदुस्तानातलं पहिलं गाव आहे हे. बाकी सगळीकडे आधी माणसं घुसली, मग रस्ते." मी गच्चीवरच्या एकखोली बरसातीत राहायला गेलो. टीव्हीची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो, आणि सुभेदारसाहेबांच्या लेखी माझा हुद्दा 'जवान' हा होता. तो पुढे सहा वर्षांत वाढला नाही.

ते दिवस बाजार उघडल्याचे. काल ज्या दुकानात सायकलच्या ट्यूबा मिळायच्या तिथे आज परदेशी टीव्ही लागलेला असायचा आणि जुना दुकानदार नव्या शर्टात त्याच्याशेजारी उभा. आमच्यासमोर खन्नाजी राहायचे. कपड्यांची निर्यात करायचे. त्यांच्याकडे सेक्टरातला पहिला दोन दारांचा, बर्फ न धरणारा फ्रिज आला, तो टेम्पोतून उतरताना बघायला पंधरा घरं गच्चीवर चढली होती. खन्नाजींनी तो स्वयंपाकघरात ठेवला नाही. बैठकीत, सोफ्यासमोर ठेवला. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. पाहुणे आले की आधी फ्रिजला नमस्कार करायचे, मग खन्नाजींना.

सुभेदारसाहेब मला तो मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. म्हणाले, "जवान, चपला काढ. फ्रिजच्या दारासमोर उभा राहा." खन्नाजींनी कौतुकाने दार उघडलं. माझ्या पायांवरून गार वारं सरकन गेलं.

"काय लागलं?"

"गार लागलं. पायांना."

"पळाली," सुभेदारसाहेब म्हणाले. "थंडी जड असते. पाण्यासारखी खाली वाहते. हे दार उघडलं की सगळी जमिनीवर सांडते, आणि मग ते यंत्र रडत बसतं नवी थंडी करत." मग खन्नाजींकडे वळून अत्यंत अदबीने, "खन्नाजी, कुएँ का दरवाज़ा बगल में किसने लगाया है आज तक?"

विहिरीला दार बाजूने ठेवतं का कुणी? हे त्यांचं पालुपद होतं. पोस्टमनला ते हे सांगत, भाजीवाल्याला सांगत, निवडणुकीला मत मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी वीस मिनिटं सांगितलं आणि तो मत न मागताच गेला.

नुसतं सांगून भागेना म्हणून त्यांनी स्वतःचा फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलेला जुना फ्रिज आडवा केला होता. पाठीवर निजवला, म्हणजे दार आकाशाकडे. पण फ्रिज निजला तरी त्याचा कॉम्प्रेसर निजून चालत नाही, त्यातलं तेल भलतीकडे जातं आणि तो मरतो. म्हणून सुभेदारसाहेबांनी तांब्याच्या नळ्या कापून कॉम्प्रेसर बाहेर काढला, पायथ्याशी एका पाटावर उभा केला, पाठीवरची काळी जाळी सोडवून त्याच्या मागे उभी केली, नळ्या पुन्हा जोडल्या आणि गॅस भरून घेतला. मग पहाडगंजातून आणलेला चार बोटं जाडीचा थर्मोकोल चहूबाजूंनी लावला, त्यावर प्लाय, त्यावर रजई. गॅस भरणारा मिस्त्री म्हणे हे बघून कानाला हात लावून गेला. तो त्या दिवसापासून साधू झाला असं मी पुढे लोकांना सांगायचो. प्रत्यक्षात त्याने फक्त आमच्या गल्लीत यायचं सोडलं.

आणि हा फ्रिज उघडायला कवायत होती. झाकणावर नकाशा चिकटवलेला, आडवी अक्षरं, उभे आकडे, फौजी नकाशासारखे चौकोन. आधी चौकोन मोठ्याने सांगायचा, मग वस्तू, मग झाकण उचलायचं. सुभेदारसाहेब मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. चारला झाकण बंद हवं. नसलं तर शिक्षा, गच्ची झाडायची. पहिल्या महिन्यात मी ती गच्ची इतकी झाडली की खालून पाहणाऱ्यांना वाटे घराला सफाईवाला ठेवलाय. पुढे माझा हात असा बसला की कारखान्यातही मी कपाट उघडायच्या आधी "बी-दोन, फाइल" म्हणायला लागलो आणि मॅनेजरने मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं.

सगळ्या घरात ही कवायत मोडणारी एकच व्यक्ती होती, सुभेदारसाहेबांची बायको. काकू. त्या यायच्या, एक अक्षर न बोलता रजई सारायच्या, डोळे भिंतीकडे ठेवून हात घालायच्या आणि हवं ते घेऊन दोनच्या आत झाकण टाकायच्या. चौकोन त्यांनी कधीच सांगितला नाही. सुभेदारसाहेब दरवेळी म्हणायचे, "अगं, ठिकाण सांग," आणि काकू दरवेळी म्हणायच्या, "मी भरती झालेले नाही."

काकूंचं दुःख खरं होतं. हौसेने नवं घर झालं, आणि त्यात नवी बाई आली की दारातच डोक्यावर पदर ओढून थबकायची. गल्लीतल्या बायका आपसात 'वो लाश वाला घर' म्हणायच्या हे काकूंच्या कानावर आलं होतं. त्यांनी एका संध्याकाळी चहाचा कप माझ्यापुढे आणि शब्द नवऱ्यापुढे ठेवले.

"अहो, माझ्या घरात काय रोज मयत आहे? आणखी एक उन्हाळा बघते. एकदा, फक्त एकदा ह्यात दूध नासलं, की हे धूड मला कबाड्याच्या हातगाडीवर दिसायला पाहिजे."

"मंजूर," सुभेदारसाहेब म्हणाले. आणि फौजी माणसाचं मंजूर म्हणजे मंजूर.

त्यानंतर ते गच्चीवर माझ्याकडे आले. कठड्याला टेकून समोरच्या रिकाम्या प्लॉटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जवान, अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यानं लिहिलेल्या पुस्तकातून गाड्या दुरुस्त केल्या. पान उलटायचं, नट आवळायचा. मनानं एक वॉशर बदलला तर चौकशी. आख्ख्या जन्मात माझ्या डोक्यातून निघालेली ही एकच वस्तू आहे." एवढं बोलून खाली गेले.

ह्या फ्रिजवरून नवराबायकोचं मोठं भांडण मी यायच्या आधीच होऊन गेलं होतं. ते मला दोन्ही बाजूंनी निरनिराळं ऐकायला मिळालं. सुभेदारसाहेबांनी पहिल्यांदा फ्रिज निजवला तो डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला करून. कारण काय, तर प्लग दक्षिणेच्या भिंतीत होता. काकूंनी बघितलं मात्र, कपाळाला हात लावला. दक्षिणेकडे पाय करून आपल्याकडे कोण झोपतं? ती यमाची दिशा. आधीच रजई घेऊन पडलेला, त्यात पाय दक्षिणेला. त्यांनी स्वयंपाकघरातली चूल बंद ठेवली. दोन दिवस. फ्रिज फिरेपर्यंत स्वयंपाक नाही.

सुभेदारसाहेब सांगायचे, "लोखंडाला कसली आलीय दिशा! पण जवान, उपाशी पोटी फौज लढत नाही." सहा माणसं बोलावून, पाटासकट, जाळीसकट, त्यांनी तो फिरवला. पाय आले उत्तरेला, व्हरांड्याच्या बाजूला. नवीन वायर ओढावी लागली. तिचा राग ते मी राहायला आल्यावरही काढत होते. "एका खुळ्या समजुतीपायी दहा मीटर वायर," असं ते कुणालाही ऐकवत. काकू तेव्हा पोळी थोडी जोरात लाटत.

सुभेदारसाहेबांचा आणखी एक हट्ट होता. जिन्याखाली विजेचा मीटर होता आणि मीटरशेजारी भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. मीटरमधली चकती दहा मिनिटांत किती वेळा फिरते ते सुभेदारसाहेब रोज उकिडवं बसून मोजायचे. तेवढं ठीक. पण ते कॅलेंडर काढू देत नसत. काकूंनी नवं आणून दिलं, ते सुभेदारसाहेबांनी स्वयंपाकघरात लावलं. "चतुर्थी कधीची बघायची त्यावर? तीन वर्षांमागची?" काकू विचारत. "असू दे," एवढंच उत्तर. मी एकदा नुसतं पान सरळ करायला हात लावला तर माझ्यावर असे ओरडले की चकती उलटी फिरली.

त्या उन्हाळ्यात जूनमध्ये एका मंगळवारी दुपारी चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला. आवाज असा झाला की आग्र्यापर्यंत कबुतरं उडाली असतील. संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले, मग सकाळपर्यंत म्हणाले, मग काही म्हणायचंच सोडून दिलं. आख्खा सेक्टर भट्टीत. सुभेदारसाहेबांनी खुर्ची ओढली आणि रजईशेजारी बसले ते उठेचनात. आत त्यांची तयारी असायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पाणी भरून त्यांचा बर्फ करून डोक्याकडच्या सगळ्या चौकोनांत रचून ठेवलेला. "दारूगोळा आहे," ते म्हणाले. "पण पुरवायचा. आजपासून उघडायचं नाही."

खन्नाजींनी जनरेटर लावला. तो मंगळवारी रात्रीपर्यंत गर्जला, मग खोकला, मग गेला. बुधवारी सकाळी खन्नाजी आमच्या दारात उभे. रेशमी कुर्ता घामाने पाठीला चिकटलेला, हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला डबा. त्यांची आई, सगळे तिला बीजी म्हणायचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यायची. बर्फाचा कारखाना बंद, आमच्याकडच्या औषधाच्या दुकानाचा फ्रिज बंद, आणि दोन दारांचा फ्रिज आतून खिचडीच्या पातेल्याइतका कोमट. महिन्याभराच्या बाटल्या त्या डब्यात होत्या.

"सुभेदारसाहब," ते म्हणाले, आणि डबा पुढे केला. आमच्या फ्रिजवर त्यांनी आजवर केलेले सगळे विनोद त्या डब्याखाली दबले होते.

सुभेदारसाहेब उठले. आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती बघितली. कारण आतलं गणित त्यांना माहीत होतं. कोमट डबा आत घालायचा, आणि शिवाय दिवसातून दोनदा उघडायचं. बर्फ टिकला नाही तर बीजींचं औषध जायचं. दूध तर जायचंच, आणि दुधाबरोबर फ्रिज. नाही म्हणायला एक वाट होती, जागा नाही म्हणून सांगायची.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. काही न विचारता त्यांनी झाकण उचललं, दुधाचं पातेलं बाहेर काढलं आणि पायाकडचा कोपरा रिकामा केला. बर्फापासून लांब. इन्सुलिन गोठून चालत नाही हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही.

"अगं, दूध बाहेर नासेल," सुभेदारसाहेब म्हणाले.

"बाहेर नासलं ते धरायचं नाही," काकू म्हणाल्या. "नियम माझा आहे." मग खन्नाजींकडे बघून, "बीजी से कहिए, फिक्र ना करें."

आणि उघडायचं काम कुणाचं? सुभेदारसाहेबांनी नकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काकूंकडे बोट केलं. त्यांच्याइतका चपळ हात आख्ख्या घरात नव्हता. बुधवारी सकाळी, बुधवारी संध्याकाळी, गुरुवारी सकाळी. खन्नाजी सिरिंज धरून उभे, काकू भिंतीकडे बघत हात घालत, बाटली बाहेर, झाकण बंद. सुई भरून झाली की पुन्हा तसंच, बाटली आत. दरवेळी सुभेदारसाहेब मोजायचे आणि दरवेळी त्यांचा 'दोन' तोंडातच राहायचा. एरवी ते रजईवर तळवा ठेवून बसलेले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जेवले नाहीत. मी पंख्यासारखा पुठ्ठा हलवत होतो तर म्हणाले, "मला नको, जाळीला घाल वारा." वीज नसताना जाळीला वारा घालून काही होत नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी घातला.

गुरुवारी चार वाजता जिन्याखालची चकती हलली. पायथ्याकडून घुर्रर्र झालं. कुणीतरी बाहेर ओरडलं, आणि बघता बघता गल्ली आमच्या बैठकीत शिरली. कारण बुधवारपासून सगळ्या गल्लीला एकच प्रश्न होता, बीजींचं औषध वाचलं का?

सुभेदारसाहेबांनी झाकण उचललं. आतला तापमापक खन्नाजींनी स्वतः वाचला. आठ अंश, औषधाला चालतील इतके. डोक्याकडच्या पिशव्यांत बर्फाचे गोटे अजून खुळखुळत होते. मी सांगतो, त्या झाकणातून जो गारवा वर आला त्याने दारातल्या माणसांना शिंका आल्या. बीजी स्वतः काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी रजईवरून हात फिरवला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. 'वो लाश वाला घर' म्हणणाऱ्या बायका तिथेच होत्या. त्यांच्याकडे काकूंनी बघितलंसुद्धा नाही, आणि ते न बघणं असं झकास होतं की मला टाळी वाजवावीशी वाटली.

खन्नाजींनी दोन्ही हात धरले. "सुभेदारसाहब, मान गए. सारा कमाल आपका है."

सुभेदारसाहेब ताठ उभे. मिशा अशा की उदबत्त्या खोचाव्यात. अठ्ठावीस वर्षांत पुस्तकाबाहेर केलेलं एकमेव काम, आणि आख्खी गल्ली साक्षीला. 'शुक्रिया' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कुणाला काय कळणार होतं?

ते म्हणाले, "एक मिनट. सब इधर आइए."

जिन्याखाली गेले, आणि ते तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर त्यांनी खिळ्यावरून काढलं. मागे भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. मीटरची चकती जितक्या वेळा फिरली तितक्या. डावीकडे वर लिहिलेलं, 'पाय दक्षिण', आणि खाली रेघांचं नुसतं रान. उजवीकडे, 'पाय उत्तर', आणि रेघा विरळ, एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या केसांसारख्या.

"डिज़ाइन मेरा है," ते म्हणाले. "लेकिन मैंने गलत सुलाया था. पैरों की तरफ़ मशीन है, और मैंने उसके पैर धूप में कर दिए थे, क्योंकि प्लग वहाँ था. दक्खन की दीवार दिनभर तपती है. इन्होंने घुमवाया. तब से छाँव में है, और तब से मशीन आधी चलती है." रेघांवर बोट टेकवून, "मुझे तीन साल से मालूम है."

मग ते काकूंकडे वळले, टाचा जोडल्या, आणि घरच्या लेंग्यात, अनवाणी, त्यांनी असा कडक सलाम ठोकला की भिंतीवरचा खडू झडला. मी त्यांचा नातेवाईक नव्हतो, भाडेकरू होतो. तरी माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं. ते बटण मी अजून ठेवलंय. हवं तर दाखवतो.

काकूंनी त्या रेघांकडे बघितलं. मग कॅलेंडर उचललं, धूळ झटकली आणि म्हणाल्या, "रजईची खोळ धुवायला काढा. लोकांचे हात लागलेत." आणि आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात सेक्टरात तीन फ्रिज आडवे झाले आणि तिन्ही बंद पडले, कारण कॉम्प्रेसर उभा ठेवायचा असतो हे ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. पैकी एक तर दोन दारांचा होता. सुभेदारसाहेब ते दुरुस्त करत हिंडत होते, आणि नोएडात इतका आनंदी माणूस मी तेव्हा दुसरा बघितला नाही.

पण मला सांगायचंय ते वीज आल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं, शुक्रवार सकाळचं. चहाची वेळ. सुभेदारसाहेब रजईशेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसलेले, मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कारखान्याचे बूट घालत होतो. काकू आल्या. रजईची घडी मागे सारली. हात झाकणावर ठेवला आणि थांबल्या.

"बी-चार," काकू म्हणाल्या, स्पष्ट, मोठ्याने. "दूध."

पेपर हलला. त्याच्यामागून आवाज आला, "एक." काकूंनी झाकण उचललं. "दोन." त्यांनी हात घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही. पातेल्यावरचं झाकण नीट केलं. शेजारची बीजींची एक बाटली राहिली होती ती सरळ केली. "तीन."

मी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आतली थंडी काठावरून ओघळून माझ्या पायांपर्यंत आली.

सुभेदारसाहेब पेपर वाचत होते. चार म्हणायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.